कॅमेऱ्याचं कपाळ

कोल्हापूर,
रविवार, २ डिसेंबर २००७

श्रीमान पिराजी, मुक्काम मुरगूड, यांस कोल्हापुराहून गुरुपादचा सप्रेम नमस्कार.

(‘सप्रेम’ हा शब्द हाताच्या सवयीनं उतरला. खोडणार होतो, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड केली तर पुढचं पत्र तू रागातच वाचशील. तसा तू ते रागातच वाचणार आहेस. निदान त्याला कारण माझं अक्षर नको.)

आधी खुशाली. माझा डावा गुडघा पायरी चढताना वाजतो आणि उतरताना दुखतो, त्यामुळे मी शक्यतो सपाटीवरच असतो. आक्काचा दमा थंडीमुळे थोडा वाढलाय, पण आवाज तेवढाच आहे. (सख्खी बहीण माझी, पण माझ्या तक्रारी घेऊन आयुष्यभर तुझ्याकडे येत राहिली, तेव्हा तिचं तुला वेगळं काय सांगायचं.) विद्याश्रीची प्रकृती उत्तम आहे, मात्र गेले चार दिवस ती माझ्याशी फक्त आक्काच्या मार्फत बोलते. का, ते पुढे येईलच. शांभवी मजेत आहे. धोंडुबाईंना, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, माझा साष्टांग नमस्कार सांग. तुझ्या दोन म्हशींनाही विचारल्याचं सांग, कारण त्यातल्या एकीशी माझं बोलणं झालेलं आहे. दिवाळीत मी फोन केला तेव्हा माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर गोठ्याच्या खिडकीत ठेवून निघून गेलास (हे धोंडुबाईंनीच नंतर सांगितलं), आणि मी पाच मिनिटं म्हशीला पाडव्याच्या शुभेच्छा देत होतो. ती मधून मधून हुंकार भरत होती, त्यामुळे मला वाटलं तुझा राग उतरत आलाय. म्हणून या वेळी पत्र. पत्रही तिच्यापुढे टाकलंस तर ती खाऊन टाकेल, आणि आत काय होतं याची रुखरुख तुला जन्मभर राहील.

आता भांडणाचं. मार्चमध्ये आपल्या बाळासोच्या नातवाचं बारसं होतं. तू स्टुलावर उभा राहून फोटोसाठी चाळीस माणसांना चार ओळींत बसवत होतास. कुणाची मान तिरकी, कुणाचा पदर उडतोय, मागच्या ओळीतल्या मामांचा फक्त फेटाच दिसतोय, असं करत पंधरा मिनिटं गेली. पंगत मांडलेली दिसत होती आणि मला भूक लागली होती. (मला भूक लागली की माझ्या तोंडाचा आणि डोक्याचा संबंध तुटतो, हे तुला शाळेपासून माहीत आहे, तरी तू पंधरा मिनिटं लावलीस.) तेवढ्यात बाळासोच्या पुतण्यानं, त्या पुण्याच्या उदयसिंहानं, खिशातून साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा काढला, एक बटण दाबलं आणि मागच्या पडद्यावर सगळ्यांना फोटो दाखवला सुद्धा. त्यावर मी मोठ्यानं म्हणालो, “पिराजी, उतर की आता खाली! बटण दाबाय माकड बी चालंल!” चाळीसच्या चाळीस माणसं हसली. तू लेन्सला टोपी बसवलीस, स्टुलावरून उतरलास आणि जेवायलाही थांबला नाहीस. जूनमध्ये मंगळवार पेठेतल्या तुझ्या स्टुडिओचं शटर खाली आलं ते आलंच. तू मुरगूडला जाऊन दूध घालायला लागलास हे मला तुझ्याकडून नाही, शेजारच्या लाँड्रीवाल्याकडून कळलं. सगळे म्हणतात, रोल धुवायला येईनातच झाले होते, त्यानं आज ना उद्या बंदच केलं असतं. मीही स्वतःला तेच सांगतो. सकाळी ते पटतं, संध्याकाळी पटत नाही.

असो. तर त्यानंतर मी स्वतःच डिजिटल कॅमेरा घेतला. बस, आता चिडून घे एकदा, मी थांबतो.

झालं? तर कारण असं की नोव्हेंबरासाठी बदामी, कूडलसंगम आणि हंपी अशी सहल ठरली. आम्ही दोघं, आक्का आणि बाळासोची मंडळी. विद्याश्रीनं पहिलाच प्रश्न विचारला की फोटो कोण काढणार. आजवर हा प्रश्न घरात कधी आलाच नव्हता, कारण प्रवासाला निघालो की तू एक तर बरोबर यायचास, नाहीतर तुझा जुना कॅमेरा रोल भरून हातात द्यायचास. द्यायच्या आधी त्याच्या सगळ्या कड्यांवर चिकटपट्टी लावायचास आणि दम भरायचास की बटण सोडून कशालाही हात लावायचा नाही. छत्तीसपैकी चौतीस फोटो सुरेख यायचे. एवढी वर्षं मी समजत होतो की ते मी काढलेत.

कॅमेरा निवडायला मला तीन आठवडे लागले. लोक म्हणाले एवढा वेळ मुलगी बघायला पण लागत नाही. पण तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्र्यांना साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करून दिलेला माणूस मी, अर्धा मिलिमीटर चुकला तर अख्खं ओतकाम भंगारात जातं, मी डोळे झाकून वस्तू घेणाऱ्यातला नाही. एक वही केली. घरच्यांच्या अपेक्षा लिहून घेतल्या. विद्याश्रीची अट, पर्समध्ये मावला पाहिजे. शांभवीची अट, फोटो कॉम्प्युटरवर घेता आले पाहिजेत आणि सेल कुठल्याही टपरीवर मिळणारे हवेत, नाहीतर चार्जर घरी विसरून बाबा रस्ताभर चिडचिड करतील. आक्काची अट, हातात घेतल्यावर भरीव लागला पाहिजे, पोकळ वस्तू टिकत नाही. या तिन्ही अटी शहाण्या होत्या. मग मी बाळासोला विचारलं. बाळासो म्हणाला, बाकी सगळं सोड, झूम बघ. ज्याचा झूम मोठा तो कॅमेरा मोठा. (आता फौंड्रीवाल्याला सगळं मोठंच लागतं. त्यानं देवघरातली समई सुद्धा कंबरेएवढी आणलीय.) मला ते एकदम पटलं, कारण झूम आकड्यात मोजता येतो आणि बाकीच्या गोष्टींना चव लागते, जी तुझ्याकडे होती.

राजारामपुरीतल्या दुकानात राजनंदिनी नावाची एक मुलगी होती. छातीवर नावाची पट्टी, तोंडात साखर, आणि संयम असा की तिला तुझ्या स्टुडिओत उमेदवारीला ठेवायला हवी होती. तिनं पहिल्यांदा तीनपट झूमचा दाखवला. मी म्हटलं, एवढं तर मी दोन पावलं पुढं सरकून बघतो. मग दहापटीचा दाखवला. बटण दाबल्याबरोबर त्याचं नळकांडं असं पुढे आलं की आक्का (तिला मी साक्षीदार म्हणून नेलं होतं) मागे सरकून म्हणाली, “अय्यो, हे कासव हाय व्हय?” मी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि नळकांडं आत असताना व बाहेर असताना दोन्ही मापं घेतली. दुकानातली इतर गिऱ्हाईकं बघत होती. त्या मुलीनं कॅलिपर धरायला मदत केली. खोक्यावर ‘दहापट ऑप्टिकल’ आणि ‘चारपट डिजिटल’ असं दोन्ही छापलं होतं. मी तिथल्या तिथं गुणाकार करून चाळीस काढले. ती बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली, “काका, दहापटीपर्यंत भिंग खरंच पुढं सरकतं. पुढचं डिजिटल म्हणजे आहे तोच फोटो आतल्या आत ताणायचा. त्याच्याकडं बघून घेऊ नका.” मी तिला म्हटलं, पोरी, चाळीस ते चाळीस. मेगापिक्सेल सात होते. सात कशाचे हे मी विचारलं नाही, बरे वाटले. पर्समध्ये मावतो का हे बघायला विसरलो. मावत नव्हता.

हे झालं दसऱ्याच्या आठवड्यात. त्यामुळे खंडेनवमीला घरात पूजेला माझे रंधे, पटाशा, कॅलिपर, शांभवीचा कॅल्क्युलेटर, विळी आणि मधोमध नवा कॅमेरा. आक्कानं सगळ्यांना हळद-कुंकू, विभूती लावली. ओलं कुंकू, चांगलं बोटभर. आणि कॅमेऱ्याला तिनं ते लावलं कुठं, तर अगदी मधोमध, त्या नळकांड्याच्या तोंडावर. तिथं दोन पातळ पत्र्याच्या पापण्या असतात. बंद असताना त्या मिटलेल्या असतात, त्यामुळे वरून सगळं सपाट दिसतं. बाईमाणसाला काय कल्पना. आरती झाली, मी पहिला फोटो देवघराचा काढायचा म्हणून बटण दाबलं, पापण्या उघडल्या आणि अर्धं कुंकू आत गेलं. कर्र असा आवाज आला. तसा आवाज लेथवर चुकीचा गिअर पडला की येतो. शांभवी म्हणाली बाबा बंद करा, हात लावू नका, दुकानात नेऊ. पण जन्मभर यंत्रांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला असं कुणी सांगू नये. मी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. काच गुलाबी झाली. मग थुंकी लावून पुसली. गुलाबी डाग जरा कडेला सरकला आणि तिथं घर करून बसला.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे दसऱ्याला, बाळासोच्या फौंड्रीत गेलो. सोनं द्यायला गेलो असं घरी सांगितलं, आणि खिशात आपट्याच्या पानांबरोबर कॅमेरा होता. तिथं ओतकामावरची वाळू उडवायला हवेचा कॉम्प्रेसर आहे हे तुला माहीत आहे. इंजिनाच्या ब्लॉकमधली वाळू त्यानं साफ निघते. बाळासो म्हणाला, आरं हे चिमणीएवढं यंत्र, ह्याला हळू हवा मार. मी हळूच मारली. काचेच्या बाहेरचं बरंचसं कुंकू खरंच गेलं. ते कुठं गेलं याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. (येताना मंगळवार पेठेतून आलो. तुझ्या शटरच्या फटीत आपट्याची दोन पानं खोचून आलो. आत कुणी नाही हे माहीत असून. हे बाळासोला सांगू नकोस.)

कॅमेरा चालत होता. कर्र करून, पण चालत होता. तेव्हा परीक्षा म्हणून एका सकाळी कळंब्याच्या तलावावर गेलो. पाण्यात मधोमध एक वाळका बुंधा आहे, त्यावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी दहापट झूम केला, मग राजनंदिनीचं न ऐकता चाळीसपट केला, आणि पाणकावळा हुकून पलीकडची तुरुंगाची भिंत आली. भिंत एवढी जवळ आली की मला हौस वाटून मी तिचे आठ फोटो काढले. नवव्याला खांद्यावर हात पडला. तुरुंगाचा एक हवालदार होता, मिशा भरदार, स्वभाव गोड. “ओ पावणं, कुणाला सोडवाय आलाय काय?” असं त्यानं विचारलं. मी त्याला पाणकावळ्याचं सांगितलं. तो म्हणाला दाखवा बघू काय काढलंय ते. मी पडदा पुढं केला. त्यानं आठही फोटो पाहिले, मान वाकडी करून पुन्हा पाहिले आणि म्हणाला, “ह्यात तर कायच दिसत न्हाय की. नुसतं लाल लाल हाय. जावा.” मी सुटल्याच्या आनंदात निघालो, आणि वाटेत त्याच्या नजरेची मनातल्या मनात कीव केली. वाचायचा चष्मा मी घरी ठेवला होता आणि मला पडद्यावर सगळं जितकं दिसायला पाहिजे तितकं दिसत होतं.

मग सहल. सहा दिवसांत सातशे बारा फोटो. पिराजी, तू एका लग्नात दोन रोल घालवलेस तरी कपाळाला हात लावायचास. मी बदामीच्या एकट्या तळ्याचे एकशे चार काढले. झूम असल्यामुळे कुठं जवळ जावं लागायचं नाही. बाकीचे लोक पायऱ्या चढून लेण्यांत जायचे, मी गुडघा सांभाळत खालूनच लेण्यांतली खांबांवरची नक्षी ओढून घ्यायचो. कूडलसंगमला दोन नद्या मिळतात तिथं सगळे पाण्यात पाय सोडून बसले होते आणि मी काठावर उभा राहून समोरच्या तीरावरच्या एका माणसाची बैलं टिपत होतो. विद्याश्री रोज एकदा म्हणायची, अहो, आपल्या दोघांचा एक काढा कुणाकडून तरी. मी म्हणायचो, काढू, उजेड येऊ दे. (हे वाक्य मी तुझ्याकडून उचललं. तू म्हणायचास तेव्हा त्याला काही अर्थ असावा.)

शेवटी हंपीला दगडी रथापुढं तिनं ठाम उभं राहून सांगितलं की आता फोटो झाल्याशिवाय मी हलत नाही. नवी इरकल साडी नेसली होती, जांभळी, लाल पदराची. केसात अबोली. खरं सांगतो, फार छान दिसत होती, आणि ते मी तिला सांगितलं नाही. आधी मी कॅमेरा एका दगडावर ठेवून दहा सेकंदांचा टायमर लावला आणि पळालो. गुडघ्यामुळे दहा सेकंदांत अर्धंच अंतर झालं, तेव्हा त्यात पाठमोरा मी आणि पलीकडं वाट बघणारी ती असा फोटो आला. दुसऱ्या वेळी बाळासोकडे दिला. त्यानं झूम करून माझ्या नाकपुड्या काढल्या. शेवटी तिथं फुलं विकणाऱ्या एका बाईनं कन्नडमध्ये आमच्यावर वैतागून कॅमेरा हिसकावून घेतला, आम्हाला हातानं एकमेकांजवळ लोटलं आणि एकदाच बटण दाबलं. अख्ख्या सहलीतला आम्हा दोघांचा नीट फोटो तो एकच. विद्याश्रीनं तिच्याकडची उरलेली सगळी अबोली घेतली.

घरी आल्यावर शांभवीनं (ती सहलीला आली नव्हती, त्याचं कारण आत्ता सांगत नाही) फोटो कॉम्प्युटरवर घेतले. सगळे जमले, आक्का खुर्ची ओढून पुढे. पहिला फोटो लागला. बदामीचं तळं, आणि वर डावीकडे आभाळात एक लाल गोळा. शांभवी म्हणाली सूर्य आहे. दुसरा लागला, गोळा तिथंच. तिसऱ्यात मी कॅमेरा उभा धरला होता, सूर्यानंही जागा बदलली. पुढं पुढं लेण्यांतल्या मूर्तीच्या छातीवर, गोपुराच्या खिडकीत, परक्या माणसाच्या बैलाच्या पाठीवर, सातशे बाराच्या सातशे बारा फोटोंवर तोच कुंकवाचा डाग. झूम जितका जास्त तितका डाग मोठा. आक्कानं हात जोडले आणि म्हणाली, “देवीनं सगळ्यास्नी कुंकू लावलं बघ.” शांभवी हसून हसून टेबलाखाली गेली. मलाही हसू यायला लागलं होतं. मग रथापुढचा तो फोटो आला.

माझं तोंड एकदम स्वच्छ. उघडं, डोळे अर्धे मिटलेले, पण प्रत्येक केस मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. आणि शेजारी जांभळी साडी, लाल पदर, आणि मानेच्या वर नुसता लाल ढग. विद्याश्रीचं तोंडच नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत काही नाही. अबोलीचं एक टोक तेवढं बाहेर आलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी हंपीला गेलतेच न्हाय.” मी म्हटलं, अगं डोळ्यांत तर साठवलंयस की. हे म्हणायला नको होतं. ती उठली, कपाट उघडलं, आपला जुना आल्बम काढला आणि महाबळेश्वरचा तो फोटो माझ्यापुढे ठेवला, चौऱ्याऐंशी सालचा, धुक्यातला, ज्यात ती घोड्याला घाबरलीय आणि मी घोड्याला घाबरलो नाही असं दाखवतोय. तू काढलेला. “पिराजी भावजी असते तर माझं तोंड तेवढं सोडलं असतं काय?” एवढं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून चार दिवस आमच्यातला सगळा पत्रव्यवहार आक्का सांभाळते.

त्या दिवशी मागच्या परड्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो आणि मला तुझ्या स्टुडिओतली खंडेनवमी आठवली. सत्तावीस वर्षं मी तिथं प्रसादाचा पेढा खायला येतोय. तू सगळी यंत्रं मांडायचास, फ्लॅश, कॅमेरे, ती मोठी लाकडी तिपाई. आणि दर वर्षी तू कुंकू कॅमेऱ्याला लावायचास नाही, तिपाईच्या पायाला लावायचास. नेमकं त्या तिसऱ्या पायाला, जो शहाऐंशी साली मोडला होता आणि मी सागवानाचा नवा करून दिला होता. सत्तावीस वर्षं मी ते बघितलं, त्यातली एकवीस वर्षं त्यात मला आपला मान वाटला, की पिराजी माझ्या हातच्या कामाला पुजतो. कुंकू काचेपासून लांब ठेवायचं असतं ही साधी गोष्ट मला कधी सुचली नाही, आणि मी कधी विचारली नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. निवडायच्या आधी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतंस. तुला विचारायचं सोडून मी अख्ख्या कोल्हापूरला विचारून आलो, कारण तुला विचारायचं तर आधी बारशाचं काढावं लागलं असतं.

ते माकडाचं मी चुकीचं बोललो. माकडाला बटण दिलं, त्यानं सातशे बारा वेळा दाबलं, निकाल वर दिलाय. आता हे पत्र संपवतो, कारण पान संपलं आणि आक्का हाक मारतेय. धोंडुबाईंना परत एकदा नमस्कार. गुडघ्याचं काही औषध मुरगुडात असेल तर कळव.

तुझा (हेही सवयीनं, आणि हेही खोडत नाही)
गुरुपाद

ता. क. १ : एक सांगायचं राहिलं. शांभवीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा, बसवेश नाव, माणसं चांगली. आम्ही सहलीवर असताना मुलगा आपल्या बहिणीबरोबर तिच्याशी बोलायला येणार होता, म्हणून ती घरी थांबली. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला अक्षता. मुलाकडचे म्हणतात की फोटोला त्यांचे लोक येतील, डिजिटलवाले, तिघं, वर एक क्रेनवरचा व्हिडिओ. शांभवीनं त्यांच्यासमोरच सांगितलं की माझा बाराव्या दिवसाचा फोटो पिराजीकाकांनी काढलाय, शाळेचा, कॉलेजचा, आणि तुम्हाला बघायला पाठवला तोही त्यांनीच. त्यांनी मला स्टुलावर चढून नीट उभं केल्याशिवाय मी अक्षता पडू देणार नाही. मी तिला सांगितलं, काका येतील. तेव्हा मी शब्द देऊन बसलोय आणि तो तुझ्या जिवावर दिलाय. हे लिहायलाच बसलो होतो, पण सुरुवातीला कसं लिहायचं ते सुचेना, म्हणून कॅमेऱ्यापासून सुरुवात केली.

ता. क. २ : कुंकवाबद्दल वर जे लिहिलंय ते थोडं बदलून वाच. आक्कानं लावलं हे खरं, पण ती पट्ट्याला लावणार होती. तिनं आधी मला विचारलं होतं, “ह्याचं कपाळ कुठं हाय रं?” आणि मी तज्ज्ञपणे काचेवर बोट ठेवून म्हणालो, “हे काय, मधोमध.” तिनं ही गोष्ट अजून घरात कुणाला सांगितलेली नाही. एवढे दिवस ती बोलणी खातेय आणि गप्प आहे, म्हणून निदान तुला तरी सांगून ठेवतो.

ता. क. ३ : कॅमेरा या पत्राबरोबरच बाळासोच्या गाडीतून पाठवलाय. उघडून कुंकू निघालं तर बघ. आतला रथापुढचा फोटो पुसू नकोस. त्या ढगाखाली तोंड कुठंतरी असेलच, तुला काढता आलं तर काढ. नाही जमलं तर मुरगुडाहून येताना तुझा जुना कॅमेरा आण. विद्याश्री ती साडी परत नेसेल, मी विचारलंय. (आक्काच्या मार्फत.)

ता. क. ४ : स्टुडिओ रिकामा करताना तिपाई हरवली म्हणून तू बाळासोपाशी हळहळलास असं कळलं. हरवलेली नाही. तू दुसरी खेप न्यायला गेला होतास तेव्हा शटरच्या मागं एकटी उभी होती, मी ती उचलून आणली. माझ्या वर्कशॉपमध्ये खिडकीपाशी आहे. तिसऱ्या पायावर कुंकवाचा थर चढून चढून लाकूड दिसेनासं झालंय, पण वरचा थर मागच्या वर्षीचा आहे. यंदाचं लावायचं राहिलंय. ते मी लावणार नाही, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तू ये आणि लाव.